गाडीचा मागचा वायपर काढून भोक बुजवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅचबॅक किंवा एसयूव्हीचा मागचा वायपर काढायला फारसं काही लागत नाही. सॉकेट पान्हा, ट्रिम (दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण) उचलायची प्लास्टिकची पट्टी आणि एखादी मोकळी दुपार एवढ्यावर काम होतं. पण वायपर निघाला की डिकीच्या दाराला एक गोल भोक उरतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. त्यामुळे खालचे बहुतेक प्रश्न त्या भोकाचेच आहेत.

लोक मागचा वायपर काढतात तरी कशासाठी?

काहींना मागची काच कोरी दिसलेली आवडते, आणि त्यात गैर काहीच नाही. बाकीच्यांवर गाडीच ती वेळ आणते. मोटर बंद पडते आणि नवीन मोटरची किंमत ऐकून जुन्या गाडीवर तेवढे पैसे घालावेसे वाटत नाहीत. गाडीचं कव्हर ओढताना अडकून आर्म (ब्लेड धरणारा हात) मोडतो. किंवा स्पिंडलभोवतीचं (मोटरच्या ज्या दांड्यावर आर्म बसतो त्याच्याभोवतीचं) रबर कडक होतं आणि तिथून पाणी आत झिरपायला लागतं. काही युरोपीय गाड्यांत वॉशरचं पाणी मोटरच्या पोकळ स्पिंडलमधूनच काचेवर येतं. आतला सील गेला की ते पाणी मोटरमध्ये उतरतं, मोटर गंजते आणि ट्रिमच्या मागे पाणी साचत राहतं. अशा गाडीत वायपर काढून भोक नीट बंद करणं हा गळतीवरचा रास्त उपाय आहे.

चालू असलेला वायपर काढावा का? तुमचं मत काय?

सेडानला बहुधा मागे वायपर नसतो, कारण छतावरून आलेली हवा उतरत्या काचेला बरीचशी धरून खाली जाते आणि पाणी बरोबर नेते. हॅचबॅकचं छत मागे एकदम संपतं. तिथे हवा पृष्ठभाग सोडते, गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेलं चिखलपाणी त्यांत ओढलं जाऊन काचेवर बसतं. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही ओल्या रस्त्यावर मागची काच बघता बघता मळते.

तेव्हा ज्यांचं पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, वरंधा अशा घाटांतून नियमित जाणं-येणं आहे, त्यांनी चालू वायपर निव्वळ दिसण्यासाठी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाटात मागून येणाऱ्या एसटीचे दिवे वेळेवर दिसणं महत्त्वाचं. गाडी मुख्यतः शहरात फिरत असेल, किंवा वायपर आधीच बंद पडलेला असेल, तर खुशाल काढा.

डिफॉगर आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे, काचेवर पाणी न ठरू देणारं कोटिंगही केलंय. तेवढं पुरेल ना?

पूर्णपणे नाही. डिफॉगरच्या तारा काच गरम करून तिच्यावर धरलेली वाफ घालवतात, बाहेरच्या चिखलाला त्या काही करत नाहीत. कोटिंगमुळे थेंब गोळा होतात खरे, पण ते उडवून न्यायला काचेवरून वाहणारी हवा हवी, आणि वर सांगितलं तसं हॅचबॅकच्या मागच्या काचेवर तीच नसते. थेंब आपल्या वजनाने घसरतात, तेवढाच फायदा. कॅमेरा गाडी मागे घेताना उपयोगी पडतो, लेन बदलताना नाही, आणि त्याची काचही त्याच चिखलाने मळते. वायपर काढणाऱ्याने दोन्ही बाजूंचे आरसे नीट लावून घ्यावेत आणि गाडीत एक ओलं फडकं कायम ठेवावं.

कायद्याने चालतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ विंडस्क्रीनसाठी, म्हणजे पुढच्या काचेसाठी, वायपर सक्तीचा करतो. मागच्या वायपरचा त्यात उल्लेख नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरतील असे बदल करायला मनाई करतं, पण मागच्या वायपरची आरसीवर नोंदच नसते. एक मात्र सांभाळा: भोक झाकायच्या नादात मागच्या काचेवर काळी फिल्म लावू नका. नियम १०० प्रमाणे मागच्या काचेतूनही किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत मागचा वायपर तपासत नाहीत.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र थांबा. उद्या डिकीत पाणी आलं आणि सर्व्हिस सेंटरने तुमचा प्लग पाहिला, तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच गळ्यात पडण्याची शक्यता मोठी.

भोक काचेत आहे की पत्र्यात, हे आधी कसं ओळखायचं?

स्पिंडल कुठून बाहेर येतो ते बघा. तो काचेच्या खालच्या कडेच्या आत असेल तर भोक काचेत आहे, काच संपल्यावर खाली असेल तर पत्र्यात. काही नव्या गाड्यांत वायपर वर स्पॉयलरखाली दडवलेला असतो. तिथे भोक बाहेरून दिसतही नाही आणि बुजवणंही सोपं जातं. काही गाड्यांचं डिकीचं दारच प्लास्टिकचं असतं. हे आधी पाहून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

काचेतलं भोक कायमचं भरून काच सपाट करता येईल का?

नाही. मागची काच टफन्ड असते. ती ६०० अंशांच्या वर तापवून झटक्यात थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. भोक पाडणं, कडा घासणं हे सगळं त्या भट्टीच्या आधी होतं. नंतर कडेला ग्राइंडर लावला तर भोक मोठं होत नाही, अख्ख्या काचेचे दाणे होतात. राळ भरून केलेली डागडुजीही टिकत नाही, उन्हात पिवळी पडते आणि सुटते.

सपाट काचच हवी असेल तर सरळ रस्ता म्हणजे त्याच मॉडेलच्या वायपर नसलेल्या व्हेरियंटची काच बसवणं. ती घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: खालच्या व्हेरियंटच्या काचेला बऱ्याचदा डिफॉगरही नसतो. वायपर काढायला जाऊन डिफॉगर गमावणं हा वाईट सौदा आहे. शिवाय चिकटवलेली जुनी काच शाबूत काढणं, नवीन पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने बसवणं आणि ते वाळेपर्यंत गाडी उभी ठेवणं हे काचवाल्याचं काम, घरचं नव्हे. माझ्या मते शंभरात नव्वद जणांना चांगला प्लगच पुरतो.

नट निघाला, पण आर्म स्पिंडलवरून सुटतच नाही. काय करू?

सगळ्यात जास्त काचा याच ठिकाणी फुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आर्म बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि स्पिंडल पोलादी. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि अलिबाग-रत्नागिरीकडची खारी हवा असेल तर विचारूच नका. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी खाचांत भरते आणि आर्म वेल्डिंग केल्यासारखा घट्ट बसतो. त्यात स्पिंडलचा शेंडा निमुळता असतो, म्हणजे नट जितका आवळला असेल तितका आर्म पाचरीसारखा रुतलेला.

आधी टोपण उचला. नट बहुधा १० किंवा १३ मिलिमीटरचा असतो. तो पूर्ण काढू नका (काढला असेल तर परत चढवा), स्पिंडलच्या टोकाच्या पातळीपर्यंतच सैल करा, म्हणजे पुढच्या ओढाताणीत आटे खराब होणार नाहीत. भेदक तेल (गंजलेले जोड सोडवणारा स्प्रे) मारा आणि घाई न करता तासभर मुरू द्या. जुन्या गाडीला आदल्या रात्री मारून ठेवलेलं उत्तम. मग आर्म काचेपासून उचलून उभा करा आणि वायपर फिरतो त्या दिशेत डावी-उजवीकडे अगदी थोडा हलवा. बऱ्याचदा एक बारीक ‘कट्’ आवाज येतो आणि आर्म सुटतो.

नाही सुटला तर पुलर वापरा. वायपरसाठीचा छोटा पुलर मिळतो, आणि बॅटरीचं टर्मिनल काढायचा पुलरही छान चालतो. त्याचे दोन पाय आर्मच्या खाली, मधला स्क्रू स्पिंडलच्या टोकावर, आणि सावकाश आवळत जायचं. काम करताना खाली जाड टॉवेल हवाच.

स्क्रू ड्रायव्हर आर्मखाली घालून काचेवर टेकू घेऊ नका. स्पिंडलवर हातोडीही मारू नका, तो धक्का थेट मोटरच्या गिअरला आणि काचेतल्या भोकाच्या कडेला बसतो. टफन्ड काच मधोमध बराच मार सोसते, पण कडेवरचा छोटासा टवका तिला पुरतो.

मोटर कशी काढायची? ट्रिमच्या क्लिपा तुटायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. हँडलच्या खळग्यात आणि कोपऱ्यांत दडलेले स्क्रू आधी शोधा. ते काढल्याशिवाय ट्रिम ओढलं की क्लिपाच नव्हे, ट्रिमही तडकतं. मग प्लास्टिकची पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालून एकेक क्लिप उचला. चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा, जुन्या गाडीत एखाद-दुसरी तुटतेच.

आत मोटर साधारण तीन बोल्टांवर बसलेली असते. इग्निशन बंद असल्याची खात्री करून कनेक्टर दाबून काढा, बोल्ट सोडा, मोटर आतल्या बाजूला ओढा. काचेतून जाणाऱ्या स्पिंडलला बाहेरून आणखी एखादी रिंग किंवा नट असू शकतो, तो आधी काढायचा. त्याच दारात तिसरा ब्रेक लाइट, नंबर प्लेटचे दिवे, डिफॉगर आणि कुलूप यांच्या वायरी असतात. त्यांना ताण पडणार नाही याकडे लक्ष असू द्या.

नुसता आर्म काढून मोटर आतच ठेवली तर?

मोटरचा सील चांगला असेल तर हा फार समंजस पर्याय आहे. कंपनीचं रबर जागेवर राहतं, भोक उघडं पडत नाही, आणि हवा तेव्हा आर्म परत बसवता येतो. फक्त स्पिंडलच्या आट्यांना ग्रीस लावा, वर रबरी टोपी घाला आणि आतला कनेक्टर काढून ठेवा, नाहीतर चुकून बटण दाबलं की उघडा स्पिंडल उगाच फिरत राहतो. सील आधीच गळत असेल तर मात्र हा पर्याय विसरा.

प्लग कुठला घ्यावा?

पहिली चौकशी कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर करा. वायपर नसलेल्या व्हेरियंटला तेच भोक कारखान्यातच प्लग लावून बंद केलेलं असलं, तर तो तयार प्लग मिळतो आणि सगळ्यांत नीट बसतो. चेसिस नंबर सोबत न्या. नसेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारात त्याच मॉडेलचं दार शोधता येतं.

बाजारातला प्लग घ्यायचा तर दोन मापं लागतात: भोकाचा व्यास आणि कडेची जाडी. काच साधारण ३ ते ४ मिलिमीटर, पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर. पत्र्यासाठीचा ग्रोमेट (भोकात बसणारा खाचेचा रबरी प्लग) काचेत बसतच नाही आणि काचेचा पत्र्यात ढिला बसतो. व्हर्नियरने मोजा, पट्टीने अंदाज घेऊ नका. रबर ईपीडीएम असेल तर उत्तम, ते ऊन-पाऊस साध्या रबरापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं सोसतं.

माझी पसंती दोन भागांच्या प्लगला आहे. बाहेरून चकती, तिच्याखाली रबरी वॉशर, मधून स्टेनलेसचा बोल्ट, आतून पुन्हा रबर, मोठा वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला) नट. लेथवाल्याकडून काळ्या नायलॉनची चकती भोकाच्या मापाच्या खांद्यासकट करून घेतली की ती कंपनीची असावी तशी दिसते. काचेसाठी एकच पथ्य: धातू काचेला कुठेही टेकता कामा नये, ना वर, ना खाली, ना भोकाच्या आतल्या कडेला. नट हाताने आवळायचा आणि वर पान्ह्याने जेमतेम पाव फेरा. तो सैल होऊ न देणं हे नायलॉकचं काम आहे, आपल्या मनगटाचं नाही.

एमसील भरलं तर? किंवा साधं सिलिकॉन?

एमसील वाळून दगडासारखं कडक होतं. डिकीचं दार दिवसातून अनेकदा आपटतं, उन्हात तापतं, पावसात थंड होतं. त्या हालचालीत कडेला केसाएवढी भेग पडते आणि पाण्याला तेवढी पुरते.

सिलिकॉन चालतं, पण कुठलं ते बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या, किंवा ब्यूटाइल टेप वापरा. ब्यूटाइल कधी पूर्ण वाळत नाही, त्यामुळे हालचालीबरोबर सरकून घेतं, आणि पुढे प्लग काढायचा झाला तर रंगही उखडत नाही. सीलंट नेहमी बाहेरच्या चकतीखाली लावायचं. आतून थापलेला गोळा पाण्याला ट्रिमपर्यंत जाऊ देत नसेलही, पण पाणी भोकाच्या कडेशी साचून राहतं.

पत्र्याच्या भोकाच्या कडेला गंज दिसला तर आधी तो कागदाने घासा, प्राइमर मारा, टचअप करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच सीलंट. उलटं केलंत तर पंचाईत होते, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी रंग धरत नाही.

पत्र्यातलं भोक वेल्डिंग करून, लांबी लावून, रंगवून कायमचं बंद करावं का?

डेंटर सहज करून देईल आणि पहिल्या दिवशी ते सुरेखही दिसेल. पण पातळ पत्रा उष्णतेने वाकतो, आतल्या बाजूचा रंग आणि गंजरोधक थर जळतो, आणि तिथे ट्रिममागे कोणी बघत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी लांबीखालून फुगे वर येतात. करायचंच असेल तर बॅटरी सोडा, काच काढायला लावा आणि आतून प्राइमर व मेणाचा थर देऊन घ्या. वेल्डिंगऐवजी पत्रा चिकटवायचं पॅनेल बाँड वापरलं तर उष्णतेचा प्रश्नच उरत नाही. मी मात्र परत काढता येईल असाच उपाय करा म्हणेन.

वायपर काढला, पण मागच्या वॉशरचं पाणी कुठे जाणार?

हा प्रश्न पुष्कळ जण विसरतात. अनेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेसाठी पंप एकच असतो. तो एका दिशेला फिरला की पाणी पुढे जातं, उलट फिरला की मागे. म्हणजे मागची नळी उघडी असताना कोणी लिव्हर ढकललं, तर पाणी थेट ट्रिमच्या आत.

नळीच्या मागच्या टोकाला बूच मारलं तरी काम अर्धंच होतं. दाब आला की नळी मधल्या एखाद्या जोडावर सुटते, आणि तो जोड बऱ्याचदा छताच्या कापडावर, डिकीच्या बिजागरीपाशी असतो. म्हणून बंद करायची तर पंपाच्या तोंडाशी, मागच्या नळीच्या जागी टोपी लावून बंद करा. फवारा स्पॉयलरमध्ये असेल तर नळी बंद न करता तो तसाच ठेवा. डिकी बंद असताना काचेवरची धूळ ओली करायला तो कामी येतो.

वायरीचं काय? फ्यूज काढावा का?

वायरी कापू नका. कनेक्टर कापडी टेपने गुंडाळून हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधा, तोंड खाली राहील असं. फ्यूज काढण्याआधी त्यावर आणखी काय चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. पुढचा वायपर त्याच फ्यूजवर असेल तर अनर्थ होईल. पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो अशी सोय असलेल्या गाडीत रिलेचा आवाज येत राहील, त्याने बिघडत काही नाही. काही युरोपीय गाड्यांत मागचा वायपर कंट्रोल युनिटच्या कोडिंगमधून बंद करता येतो.

भोक खरंच बंद झालं, हे कसं तपासायचं?

ट्रिम लावायच्या आधी, आणि सीलंट वाळल्यावर. सिलिकॉन दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटरच वाळतं, त्यामुळे किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. प्लगच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपर चिकटवा, एकाला टॉर्च घेऊन डिकीत बसवा, दार बंद करा आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने दहा मिनिटं वरून पाणी सोडावं. प्रेशर वॉशर थेट प्लगवर मारू नका, तेवढा दाब पावसात येतच नाही. टिश्यू कोरडा राहिला तर ट्रिम लावा. ओला झाला तर डाग वरच्या बाजूला आहे का ते बघा. पाणी तिसऱ्या ब्रेक लाइटच्या रबरातूनही येतं, आणि दोष बिचाऱ्या प्लगला मिळतो.

दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून घ्या. नंतर कधी डिकी उघडताना दारातून पाणी ओघळलं, कुबट वास आला, तर स्टेपनीच्या खळग्यात हात घालून बघा. पाणी शेवटी तिथेच जमतं.

हे काम कधी करावं?

एप्रिल-मे. पत्रा कोरडा असतो, क्लिपा उन्हाने मऊ असतात, सीलंट नीट धरतं, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी काही राहिलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. भर पावसात मोटर काढून गाडी उघडी ठेवायची वेळ आलीच तर भोकावर तात्पुरती ब्यूटाइल टेप लावा. साधी सेलोटेप एका रात्रीत सुटते.

काढलेलं सामान ठेवू की भंगारात देऊ?

ठेवा. मोटर, आर्म, ग्रोमेट, बोल्ट, टोपण असं सगळं एका पिशवीत घालून त्यावर गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा. स्पिंडलला थोडं ग्रीस लावा. ब्लेडचं रबर पडून पडून खराब होतं, ते टाकून दिलं तरी चालेल. गाडी विकताना गिऱ्हाईक डिकीकडे बघून विचारतंच, तेव्हा ही पिशवी गाडीबरोबर द्या आणि प्लग कुठल्या मापाचा आहे तेही सांगा.